ग्रूव्हची डिस्क बसवण्याआधी हबकडे बघा

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कळेल. विचारणारे तरुण नाशिकचेच, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ७८,००० किलोमीटर झालेली. महिन्यातून दोनदा घरच्यांना घेऊन ठाण्याला जाणं होतं. कसारा घाट उतरताना अर्ध्यावर पेडल खोल जायला लागतं, आणि सपाटीवर ८०च्या वेगाला ब्रेक दाबला की ६०पर्यंत स्टिअरिंग थरथरतं. गेल्या वर्षी पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या, तर चार महिन्यांत थरथर परत आली. आता त्यांनी ग्रूव्ह, म्हणजे तोंडावर खाचा, कापलेल्या डिस्कची जोडी विकत घेतली आहे आणि मित्राच्या मदतीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती बसवणार आहेत. विचारतात की खाचांचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, डिस्कला दोन्हीकडून दाबणारे जुने पॅड चालतील का, आवाज येतो म्हणतात तो खरा का, आणि यानंतर घाटातला त्रास जाईल ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यावर टेकलेली आहेत. खाचांमुळे तो त्रास जाणार नाही. तुमच्या गाडीला दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि दोन्हींचा खाचांशी संबंध नाही. डिस्क घेतली आहे तर जरूर बसवा, त्यात वाईट काही नाही. पण बसवताना दोन गोष्टी केल्या नाहीत तर चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथेच असाल, आणि खर्च दुप्पट झालेला असेल. मुंबई नाक्याच्या परिसरात मी २२ वर्षं ब्रेक आणि सस्पेन्शनचंच काम करतोय. थरथरतं म्हणून डिस्क बदललेली आणि पुन्हा थरथरायला लागलेली गाडी आमच्याकडे दर आठवड्याला येते.

आधी घाटाचं बघू. इगतपुरीकडून कसाऱ्याकडे उतरताना गाडी साधारण ३०० मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून तुमची गाडी १,२०० किलो धरा. एवढं वजन ३०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती सुमारे ३५ लाख ज्यूल. हीच गाडी ८०च्या वेगावरून पूर्ण थांबवली तर एका वेळी जवळपास ३ लाख ज्यूलची उष्णता होते. म्हणजे घाट उतरणं म्हणजे ८०वरून बारा वेळा थांबणं, आणि तेही पंधरा-वीस मिनिटांत, कमी वेगात, चाकांना पुरेसा वारा न लागता. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली आणि ही सगळी उष्णता दोन डिस्कमध्येच साठली असं समजलं, तर त्यांचं तापमान ७०० अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण इंजिन काही भार घेतं, हवा काही घेते, मागचे ड्रम काही घेतात आणि डिस्क सतत उष्णता बाहेर टाकत असते. पण तुम्ही गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ठेवून पेडलवर पाय टेकवूनच घाट उतरत असाल, तर या वाटणीतला इंजिनाचा हिस्सा तुम्ही स्वतःच डिस्कच्या माथी मारता.

आता खाचा यात काय करतात? डिस्कचं वजन त्या वाढवत नाहीत, उलट कापलेलं लोखंड गेलं तेवढं ते कमीच होतं. डिस्कला थंडावा मिळतो तो मधल्या पोकळीतल्या पंख्यांमुळे, पृष्ठभागावरच्या खाचांमुळे नाही. खाचांचं काम वेगळं आहे. पूर्वीचे पॅड फार तापले की त्यातली रेझिन, म्हणजे माल बांधून ठेवणारा डिंक, जळून वायू निघायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर बसायचा. त्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून खाचा आल्या. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो प्रकार बराच कमी झालाय. उरलेला फायदा असा की खाचेची कड पॅडचं तोंड सतत खरवडत राहते, त्यामुळे पॅड काचेसारखा गुळगुळीत होत नाही, धूळ आणि पाणी बाजूला सारलं जातं. पावसाळ्यात इगतपुरी-घोटी पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला पहिल्या दाबाला पकड थोडी स्वच्छ जाणवते, हे मी स्वतः चालवून सांगतो. त्र्यंबकच्या बाजूला लाल चिखलातून रोज जाणाऱ्या गाड्यांनाही उपयोग होतो. पण गाडी थांबण्याचं अंतर शेवटी टायर ठरवतो. जोरात दाबल्यावर तुमचं एबीएस चालू होत असेल, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे, कमी पडतोय तो रस्त्यावरचा टायर.

मग पेडल खोल का जातं? इथे नीट लक्ष द्या, कारण घाटात ब्रेक "जातो" तो दोन तऱ्हांनी, आणि पायाला दोन्ही वेगळे लागतात. पॅड तापून पकड सोडत असतील तर पेडल कडकच राहतं. तुम्ही जीव खाऊन दाबता, पेडल जागचं हलत नाही आणि गाडी मात्र थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडतं, स्पंजसारखं होतं, खाली खाली जातं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत पोहोचतो. पण कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या पकडीत, ते उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पाय आधी त्या वाफेलाच दाबत बसतो. खाली उतरून खर्डीला चहाला थांबलात की ऑइल निवतं, वाफ विरते, पेडल वर येतं, आणि माणूस विसरून जातो. विसरू नका. पुढच्या वेळी ते कुठल्या वळणावर होईल हे तुमच्या हातात नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश असावा लागतो. तेच ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मोजलं तर किमान १५५ अंशांची अट आहे. डॉट ३ असेल तर हे आकडे २०५ आणि १४०. म्हणजे जुन्या ऑइलमध्ये ६५-७५ अंशांचा आधार निघून गेलेला असतो. आणि इगतपुरीचा पावसाळा पाहिलेल्या माणसाला ओलावा कुठून येतो हे सांगायला नको. २०१७च्या गाडीत ते ऑइल एकदाही बदललं नसेल तर तुमचा घाटातला प्रश्न तिथेच सुटतो. दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलायचं, नुसती टाकी वरून भरायची नाही. झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या, आणि डॉट ५ हे नाव दिसलं तर बाजूला ठेवा. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या सिस्टिममध्ये ते चालत नाही. एकदा उघडून अर्धी उरलेली बाटली वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा वापरू नका, बाटलीतही ते ओलावा ओढतंच.

आता थरथर. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, "डिस्क बेंड झाली." मीही सुरुवातीची काही वर्षं तेच म्हणायचो, कारण उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. पण ओतीव लोखंडाची जाड चकती रोजच्या वापरात सहजासहजी वाकत नाही. तुम्ही क्वालिटीतले आहात, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या तुकड्यावर, बसते, आणि हबच्या सपाट तोंडावर गंज असतो. जुनी डिस्क काढली, गंज तसाच राहिला आणि त्यावर नवी डिस्क ठेवून नट आवळले, की त्या गंजाची एखादी खपली ५० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, असली तरी डिस्क तिरकी बसते. हबचं तोंड साधारण १३० मिलिमीटर रुंद, आणि पॅड लागतो ती जागा त्याच्या बरीच बाहेर, २२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हबवरचे ५० मायक्रॉन पॅडच्या जागी ८०-८५ होतात. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये रनआउटची, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते त्याची, मर्यादा ५० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान कुठेतरी असते, आणि मी स्वतः ५०च्या वर कधी सोडत नाही.

डिस्क तिरकी बसली म्हणून लगेच थरथर होत नाही, आणि म्हणूनच सगळे फसतात. नवी डिस्क टाकल्यावर गाडी लोण्यासारखी थांबते. मग रोजच्या चालवण्यात, ब्रेक दाबलेला नसतानाही, तिरक्या डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला हलकासा घासतो. मिनिटाला शेकडो वेळा, त्याच एका जागी. तीन-चार हजार किलोमीटरमध्ये ती जागा काही मायक्रॉन पातळ होते. आता डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही. ब्रेक दाबला की पातळ जागेवर पॅड पुढे येतो, जाड जागेवर मागे ढकलला जातो, आणि तो धक्का स्टिअरिंगमध्ये येतो. जाडीत १५-२० मायक्रॉनचा फरक पडला की हाताला कळतो. तुमची थरथर बरोबर चार महिन्यांनी परत आली ती यामुळे, असा माझा ठाम अंदाज आहे. गेल्या वर्षीची डिस्क खराब नव्हती. ती घाणीवर बसवली गेली.

मागच्या दिवाळीआधी एक टॅक्सीवाले आले होते. दीड वर्षात तिसरी जोडी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी काम केलेलं. डिस्क न काढता डायल, म्हणजे हे डुलणं मोजायचं सुईचं यंत्र, लावली, १२० मायक्रॉन. मग डिस्क काढली. हबवर दोन स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट लागतात त्या खुंट्यांच्या, मध्ये, नखाएवढ्या जागेत, गंजाचा एक काळा, चकचकीत डाग होता. इतका दाबला गेलेला की बोटाला तो लोखंडच वाटत होता. पॉलिश पेपर घेऊन बसलो तेव्हा आधी काळी पूड निघाली, मग तांबूस, आणि पंधरा मिनिटांनी खालचं राखाडी लोखंड दिसलं. डिस्कच्या आतल्या बाजूलाही बरोबर त्याच जागी त्याचा ठसा उमटलेला होता. दोन्ही साफ करून तीच डिस्क पुन्हा लावली, डायलवर ३०. त्यांची डिस्क तोवर असमान झिजली होती, म्हणून नवी टाकावी लागलीच. पण त्या माणसाने आधीच्या दोन जोड्यांचे पैसे त्या नखाएवढ्या डागावर घातले होते. ते डोळ्यासमोर आलं की मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा तुमच्या कामाचा अर्धा वेळ हबवर घाला. हे नीट जमणार असेल तरच स्वतः करा. ब्रेकचं काम याआधी कधीच केलं नसेल, तर पहिल्या वेळी केलेला एखादा माणूस शेजारी उभा असू द्या.

गाडी सपाट फरशीवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून उभी करा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. जॅकवर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. विटा रचून त्यावर गाडी टेकवलेली मी पाहिली आहे, वीट एका क्षणात फुटते. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या, कारण पिस्टन मागे ढकलल्यावर ते वर येतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

कॅलिपर सोडवला की तो तारेने किंवा दोरीने स्प्रिंगला बांधून ठेवा, रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फाटू शकतो. मग मागचे दोन मोठे बोल्ट काढून कॅलिपर धरणारं ब्रॅकेट काढायचं. डिस्कला दोन छोटे स्क्रू असतील तर ते बहुतेक अडकलेले असतात. डोकं खराब होण्याआधी इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डिस्क हबला चिकटली असेल तर हातोडीने झोडपू नका, बेअरिंगला मार बसतो. बऱ्याच डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुतेक एम-८ची, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टची. त्यात बोल्ट टाकून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच सुटून येते.

जुनी आणि नवी डिस्क शेजारी ठेवून मोजा. व्यास, जाडी, मधलं भोक आणि मधल्या टोपीची, म्हणजे हबवर बसणाऱ्या उंच भागाची, उंची, चारही जुळले पाहिजेत. टोपीची उंची दोन मिलिमीटरने कमी-जास्त असली तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही आणि एका बाजूचा पॅड तिरका झिजतो. जुनीच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडीचा आकडा ओतलेला असतो, तोही बघून ठेवा.

मग हब. आधी वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने, स्टडच्या मुळापर्यंत. लोक मोकळ्या जागेत घासतात आणि स्टडभोवतीची अंगठी तशीच सोडतात, आणि नटांचा सगळा दाब तर तिथेच येतो. मधल्या उंचवट्याची कडही साफ करा. ग्राइंडर लावू नका, हबचं तोंड खाल्लं जाईल. झाल्यावर बोटाच्या टोकाने फिरवून बघा, मग नखाने. नंतर कोरड्या कापडाने पुसा. तिथे ग्रीस चोपडायचा मोह होतो, पण जाड थर लावला तर पुन्हा तोच प्रश्न.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा. खाचांच्या आतही तेल साचलेलं असतं, तिथे फवारा मारून स्वच्छ कापडाने निपटून घ्या. पेट्रोलने पुसू नका, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. राखाडी किंवा चंदेरी कोटिंगची डिस्क असेल तर कोटिंग खरवडायचं नाही, पॅड लागतो तिथलं ते आपोआप जातं.

दिशेचा प्रश्न आता. डिस्कवर किंवा खोक्यावर डावी-उजवी लिहिलेलं असेल, बाण असेल, तर तेच खरं. कुणाचं ऐकून उलटं करू नका. खाचांची तिरकी रेघ कुठल्या बाजूला झुकावी याबद्दल वेगवेगळे उत्पादक वेगवेगळं सांगतात, आणि पकडीत त्याने फारसा फरक पडत नाही, आवाजात आणि धूळ बाहेर टाकण्यात थोडा पडतो. खरा फरक पडतो तो आतल्या पंख्यांमुळे. डिस्क कडेने पकडून दोन थरांच्या मधल्या पोकळीत बघा. पंखे सरळ, केंद्रातून बाहेर जाणारे असतील, तर थंडाव्याच्या दृष्टीने डावी-उजवी सारखीच. ते वळणदार असतील तर मात्र बाजू ठरलेली आहे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे मागे, पंख्यांची बाहेरची टोकं झुकलेली असली पाहिजेत. तसं असलं की डिस्क मधून हवा ओढून कडेने बाहेर फेकते. उलटी बसवली तर तो प्रवाह मंदावतो, आणि घाटासाठी घेतलेली वस्तू घाटातच कमी पडते.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. सातपूर-अंबडला मशीनशॉप उदंड आहेत आणि कुणीतरी मित्र म्हणतो, "जुन्याच डिस्कला मिलिंगवर खाचा मारून देतो." एका मुलाने तसं करून आणलेली डिस्क माझ्याकडे आली होती. खाचा थेट कडेपर्यंत काढलेल्या, तळाचा कोपरा धारदार, आणि आधीच झिजून पातळ झालेली डिस्क. खाचेच्या टोकापासून कडेकडे केसाएवढी भेग गेली होती. तापून-निवून अशी भेग वाढत जाते. चांगल्या डिस्कमध्ये खाच बहुधा कडेच्या अलीकडेच थांबते आणि तिचा तळ गोलाकार असतो, आणि ते उगाच नाही. मित्रप्रेमापोटी हे कुणाकडून करून घेऊ नका.

डिस्क हबवर ठेवली की वॉशर लावून सगळे नट हलक्या टॉर्कने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि डायल लावा. तुमच्याकडे कारखान्यातून मॅग्नेटिक स्टँडसह डायल मिळण्यासारखी असेल, तर मी म्हणेन की हे काम तुम्ही अनेक गॅरेजपेक्षा चांगलं कराल. सुई डिस्कच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत, खाच चुकवून टेकवा. खाचेवरून जाताना सुई खाली पडेल ती मोजायची नाही, तिच्या आजूबाजूचं वाचन घ्या. ५०च्या आत आलं तर उत्तम. जास्त आलं तर डिस्क काढून एका स्टडने फिरवून लावा आणि पुन्हा मोजा. डिस्कला जागा ठरवणारा स्क्रू नसेल तर चार स्टडच्या गाडीत चार जागा मिळतात, आणि हबची चूक आणि डिस्कची चूक एकमेकींना छेदतील अशी एक तरी जागा बहुतेक सापडते. जिथे सगळ्यात कमी येईल तिथे स्टडवर आणि डिस्कवर खडूने खूण करा. चारही ठिकाणी ८०-९०च येत असेल तर हब किंवा बेअरिंग बघायला हवं, तिथे नवी डिस्क लावून उपयोग नाही.

जुने पॅड चालणार नाहीत. त्यांच्या तोंडावर जुन्या डिस्कच्या रेघा उमटलेल्या असतात, नव्या डिस्कला ते उंचवट्यांवरच टेकतात. पॅड नवेच घ्या, ओळखीच्या दुकानातून, सीलबंद खोक्यात. नकली पॅड बाजारात आहेत आणि घाटात त्यांची परीक्षा होते. कॅलिपरच्या दोन्ही स्लाइड पिन काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन अडकते. पिन अडकली की आतला पॅड एकटाच काम करतो, तुम्ही काहीही डिस्क लावा. पिस्टन हळूहळू, सरळ दाबून आत ढकला, त्याचं रबर फाटलेलं नाही ना ते बघा.

ब्रॅकेटचे आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने. टायरच्या दुकानात गनने एकामागून एक नट ठोकून आवळतात, त्यानेही डिस्क हबवर वेडीवाकडी ताणली जाते आणि इतक्या मेहनतीने आणलेले ३० मायक्रॉन वाया जातात. पंक्चर काढून आलात तरी घरी येऊन नट सैल करून पुन्हा टॉर्कने आवळा. सगळं लागल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा पंप करा, ते कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला पेडल तळाला जाणारच, आणि पंप न करता गाडी काढून समोरच्या भिंतीवर घातलेले लोक आहेत. मग जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा, हवा काढा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

मागचे ड्रमही त्याच दिवशी उघडा. ब्रेक शूची धूळ काढा, शू झिजल्यावर अंतर भरून काढणारा अॅडजस्टर मोकळा फिरतो ना बघा. मागचे ब्रेक झोपलेले असले की त्यांचा वाटा पुढच्यांना उचलावा लागतो, आणि पुन्हा उष्णता पुढेच.

पॅड बसवणं, म्हणजे डिस्कवर पॅडच्या मालाचा एकसारखा पातळ थर चढवणं. पॅडच्या कंपनीने पद्धत दिली असेल तर ती पाळा. नसेल तर मी असं करतो. पहाटे रस्ता मोकळा असताना त्र्यंबक रस्त्याला जातो. श्रावणातले सोमवार आणि निवृत्तिनाथांच्या यात्रेचे दिवस टाळायचे, माणसं रस्त्याने चालत असतात. मागे कुणी नाही हे आरशात बघून ६०वरून २०पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. मग मिनिटभर चालवायचं, पुन्हा तसंच. असं आठ-दहा वेळा. शेवटी दहा मिनिटं जवळपास ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही. पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो, आणि त्यानेही थरथर येते. पहिले ३०० किलोमीटर सबुरीने घ्या, आणि त्या आठवड्यात कसारा नको. वणीच्या गडावरही गाडी घालू नका, नांदुरीपासूनचा तो दहा किलोमीटरचा चढ उतरताना नव्या पॅडला सोसवणार नाही.

आवाज येतो, हे खरं आहे. ब्रेक दाबल्यावर हलकी घरघर, वेगाबरोबर तिचा सूर वर चढणारा आणि गाडी थांबताना मंदावणारा, हा खाचांचा आहे आणि तो राहणार. ब्रेक न दाबता येणारी खरखर मात्र वेगळी. मागचा पत्रा वाकून डिस्कला लागतोय किंवा खडा अडकलाय, बघून घ्या. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसेल, दोन-तीन ब्रेकमध्ये तो जातो. पॅड थोडे लवकर झिजतील, तेव्हा दर १०,००० किलोमीटरला चाक काढून जाडी बघा.

आणि पुढच्या वेळी घाट उतरताना इगतपुरी सोडल्यावरच दुसरा-तिसरा गिअर टाका, इंजिनला ओढू द्या. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे डिस्कला मध्ये श्वास मिळतो. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरू नका. इंजिन बंद झालं की पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगड होतं. खाली पोहोचल्यावर चाकांतून जळका वास आला तर गाडी हळू चालवत ठेवा किंवा सावलीत उभी करा. पावसाळ्यात धबधब्याजवळ थांबून तापलेल्या चाकांवर बाटलीने पाणी ओततात, ते करू नका. तापलेलं ओतीव लोखंड एका बाजूने एकदम निवलं की त्याला चीर पडू शकते.

काम झाल्यावर १०० किलोमीटरने चाकांचे नट पुन्हा एकदा टॉर्कला तपासा. डायलचं वाचन आणि डिस्कची चार ठिकाणची जाडी, डावी आणि उजवी वेगळी, तारीख घालून सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. जुन्या डिस्क भंगारात देण्याआधी त्याही मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा, एकाच वर्तुळावर. माझा अंदाज बरोबर असेल तर एक बाजू बाकीच्यांपेक्षा पातळ निघेल, आणि ती डिस्क उलटी करून टोपीच्या आतल्या बाजूला बघितलंत तर गंजाचा ठसा कुठे होता तेही दिसेल.